राजाचे चित्र आणि आपली फिशपाँडची पेटी

सबमिशन तोंडावर आलेले असताना अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राजांवर लेख कोण लिहितो, असे कुणी विचारील. म्हणून आधीच सांगतो, विषय आपल्या गॅदरिंगच्या फिशपाँडचा आहे. पण तिथे पोहोचायला आमच्या पोशेऱ्याहून निघून व्हाया जव्हार आणि लंडन जावे लागते. एस.टी. जरा फिरून जाईल, सांभाळून घ्या.

मोखाडा-जव्हारच्या पोरांना राजा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. जव्हारचा जयविलास राजवाडा सगळ्यांनी पाहिलेला असतो, नसला तर कुठल्या तरी सिनेमात पाहिलेला असतो. राजघराणे मुकण्यांचे, म्हणजे महादेव कोळ्यांचे. मूळपुरुष जयबा मुकणे. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मग त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी अख्खा मुलूख वेढला, अशी गोष्ट सांगतात. (ठरलेल्या परिमितीत जास्तीत जास्त क्षेत्रफळ कसे बसवायचे हे त्याला गणिताच्या पेपराआधीच कळले होते!) पुढे १३४३ मध्ये नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. पेशवाईत मुलूख कुरतडला जाऊन १७८२ च्या सुमारास वर्षाला पंधरा-वीस हजारांचे उत्पन्न उरले. इंग्रजांनी राजांचा मान तोफांत मोजायला सुरुवात केली तेव्हा बडोद्याला २१ तोफा आणि जव्हारला ९. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे १९६२ साली भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले, म्हणजे राजाला प्रजेकडे मत मागावे लागले. १९७१ मध्ये तनखेही गेले.

आमच्याकडे दुसरी गोष्ट आहे बोहाड्याची. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर सोंगे नाचत येतात. गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका. मुखवटा चांगलाच जड असतो. तो ज्याच्या तोंडावर चढला त्याला गर्दी वाट देते, बायाबापड्या हात जोडतात. सकाळी तोच माणूस भातशेतीच्या बांधावर बसून विडी ओढत असतो आणि त्याला कुणी हात जोडत नाही. मानपान मुखवट्याला असतो, आतल्या माणसाला नसतो, हे आमच्या गावातल्या पाचवीच्या पोरालाही ठाऊक असते. मोठ्या शहरांत मात्र हे विसरले जाते असे माझे निरीक्षण आहे.

आता लंडन. १७१४ ते १८३० तिथे ओळीने चार जॉर्ज गादीवर बसले. बाहेरून बघायला झगझगीत घराणे, आतून भांडके. बापाचे आणि थोरल्या मुलाचे पटायचे नाही, ही तर परंपराच. दुसऱ्या जॉर्जने १७३७ मध्ये युवराज फ्रेडरिकला बायको आणि तान्ह्या मुलीसकट राजवाड्याबाहेर काढले. त्याचा नातू तिसरा जॉर्ज हा संसारी माणूस, पंधरा मुलांचा बाप, साधे जेवण, शेतीची आवड. लोक त्याला ‘फार्मर जॉर्ज’ म्हणायचे. आणि त्याचा थोरला मुलगा? कर्ज, जुगार, खाणेपिणे. १७८५ मध्ये त्याने मारिया फिट्झहर्बर्ट नावाच्या विधवेशी गुपचूप लग्न केले. ते कायद्यात बसेना, कारण राजाच्या परवानगीशिवाय राजघराण्यात लग्न होणार नाही असा कायदा बापानेच १७७२ मध्ये करून घेतलेला!

हे सगळे लोकांना ठाऊक होते, कारण त्याची चित्रे निघत होती. जेम्स गिलरे नावाचा चित्रकार होता. हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानात त्याची व्यंगचित्रे काचेत लावलेली असायची आणि रस्त्यावरचे लोक फुकटात बघत उभे राहायचे. १७९२ मधली त्याची एक जोडी बघण्यासारखी आहे. एका चित्रात युवराज जेवून सुस्त पडलाय, पोटावर कपडे मावत नाहीत, काट्याने दात कोरतोय आणि आसपास न भरलेली बिले. दुसऱ्यात राजा-राणी. जगातल्या सगळ्यात श्रीमंत घरांपैकी एक, आणि राजा ठिगळ लावलेल्या विजारीत उकडलेले अंडे खातोय, राणी तोंडात पाला कोंबतेय. म्हणजे उधळ्या मुलालाही सोडले नाही आणि चिक्कू बापालाही नाही. बोहाड्यातला मुखवटा सकाळी आपोआप उतरतो. लंडनच्या राजाचा उतरत नव्हता, तो या माणसाने भर रस्त्यात उतरवला.

एकदा गिलरेची काही रेखाटने राजाला दाखवली, तेव्हा आपल्याला हे काही समजत नाही, असे राजा म्हणाला. गिलरेने लगेच नवे चित्र काढले. राजा मेणबत्तीच्या उरलेल्या बुडख्याच्या उजेडात एक छोटे चित्र डोळ्यांजवळ धरून न्याहाळतोय. चित्र कुणाचे? ऑलिव्हर क्रॉमवेलचे, ज्याच्या माणसांनी १६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचे डोके उडवले होते. घ्या, आता समजले का!

समारंभाची गंमत तर औरच. बाप गेल्यावर हाच युवराज चौथा जॉर्ज झाला आणि १९ जुलै १८२१ ला त्याचा राज्याभिषेक झाला. खर्च दोन लाख पौंडांच्या कितीतरी वर. राणी कॅरोलाइनशी त्याचे बिनसलेले. ती वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दारांवर गेली, पण तिला कुठल्याच दारातून आत घेतले नाही. बंदोबस्ताला चक्क मुष्टियोद्धे आणून त्यांना राजसेवकांचे कपडे चढवले होते. तीन आठवड्यांत ती वारली. आत मुकुट चढतोय आणि बाहेर राजाची लग्नाची बायको दार ठोठावतेय, हे एकच दृश्य डोळ्यांपुढे आणा, म्हणजे समारंभ कशाकशावर पांघरूण घालतो ते कळेल.

आता कुणी म्हणेल, तिथले राजे मोठ्या मनाचे. अजिबात नाही. १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला राजाची अश्लील प्रसंगातली चित्रे काढू नयेत म्हणून शंभर पौंड दिले गेले. खुद्द गिलरे १७९७ पासून सरकारी पेन्शन खात होता आणि त्यानंतर त्याचा रोख बराचसा विरोधकांकडे वळला. विल्यम होन नावाच्या गरीब पुस्तकविक्रेत्याने प्रार्थनांची विडंबने करून सरकारची टर उडवली, तर डिसेंबर १८१७ मध्ये त्याच्यावर लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालवले. होनला वकील परवडत नव्हता. आजारी माणूस तासन् तास स्वतःच बोलत राहिला आणि मोठमोठ्या लोकांनी पूर्वी केलेली तसलीच विडंबने कोर्टात वाचून दाखवू लागला. कोर्ट हसायला लागले. ज्यूरीने तिन्ही वेळा निर्दोष सोडले. मला या सगळ्या काळात सर्वांत मोठा माणूस हाच वाटतो. राजाने हसणे चालवून घेतले असे नव्हते. साध्या बारा माणसांनी शिक्षा द्यायला नकार दिला म्हणून त्याला चालवून घ्यावे लागले.

आपल्याकडे त्याच तिसऱ्या जॉर्जच्या अमदानीत कंपनीचे राज्य होते, पण इथे ज्यूरीचे हसणे फारसे कामाला आले नाही. कलकत्त्यात जेम्स हिकीने १७८० मध्ये भारतातले पहिले वर्तमानपत्र काढले आणि गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची खिल्ली उडवली. हिकी तुरुंगात गेला आणि १७८२ मध्ये छापखानाच जप्त झाला. पुढे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा कलकत्त्याला आला, त्याची एका वकिलाने घरी बोलावून सरबराई केली. त्यावर फार्स निघाला, आणि १८७६ मध्ये नाटकांवर बंदी घालण्याचा कायदाच आला. म्हणून आपले लोक मुखवटा चढवून बोलायला शिकले. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांना कीचक दिसतच नव्हता, लॉर्ड कर्झन दिसत होता. सरकारलाही तोच दिसला आणि १९१० मध्ये नाटक बंद झाले. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाला तोंडावर मूर्ख ठरवतो, पण राजा कुठला तरी काल्पनिक. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके त्या काल्पनिक राज्यात उभे राहून चालू राज्यकर्त्यांना चिमटे काढायचे आणि थिएटर कोसळायचे. मात्र मुखवटा काढून सरळ चित्र काढले तर काय होते? २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. ओरड झाली तेव्हा ते कलम मागे घेतले. कलम मात्र तेच होते, टिळकांना लावलेले.

आता येतो आपल्या कँपसमध्ये. राजे गेले, पण समारंभ गेला का? प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येतात, तोपर्यंत पहिल्या वर्षाची पोरे उन्हात टाळ्यांची प्रॅक्टिस करतात. दीपप्रज्वलनाच्या पाच वाती पाच मान्यवरांत वाटताना प्रोटोकॉलवरून कुजबुज होते. इन्स्पेक्शनची कमिटी यायच्या आदल्या रात्री कुंड्या येतात, संडासाला नवीन बल्ब लागतात, आणि कमिटी गेली की कुंड्याही जातात. (बल्बचे काय होते ते ज्याने त्याने पाहून घ्यावे.) हे लिहिताना मला राग नाही, उलट मजा वाटते. चौथ्या जॉर्जच्या मानाने आपले बजेट फारच कमी आहे.

माझी तक्रार पेटीबद्दल आहे. पूर्वी गॅदरिंगच्या आधी फिशपाँडची पेटी ठेवायचे आणि आलेल्या चिठ्ठ्या स्टेजवरून वाचायचे, सरांवरच्यासुद्धा, असे सीनिअर्स सांगतात. आता चिठ्ठ्या आधी कमिटीकडे जातात. कमिटी हवी, नाही असे नाही. मुलींवर, कुणाच्या रंगावर, जातीवर घाणेरडे लिहिणारे महाभाग असतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या फाडायलाच हव्यात. पण गेली दोन वर्षे झाले काय? मेसच्या डाळीवरचा फिशपाँड कापला, हॉस्टेलच्या पाण्याच्या वेळेवरचा कापला, भाषणांच्या लांबीवरचे सगळे कापले. आणि माझ्या बोलण्यातल्या हेलावरचा, ‘जंगलातून थेट थर्मोडायनॅमिक्समध्ये’ असा काहीतरी, तो दोन्ही वर्षे पास झाला. हॉल हसला. मीही हसलो, काय करणार? पण रूमवर येऊन विचार केला, की कमिटीने हसणे बंद केलेलेच नाही. नुसती त्याची दिशा ठरवून दिली आहे. वर बघून हसायचे नाही, खाली बघून हसायला परवानगी.

गिलरेही काही संत नव्हता. त्याने गरिबांना, परक्यांनाही ओरबाडले आहे आणि ती चित्रे आज बघवत नाहीत. पण ठिगळाच्या विजारीतल्या राजाचे चित्र आजही हसवते, कारण त्या राजाकडे सैन्य होते, तिजोरी होती, पार्लमेंट होते. एका चित्राने त्याचे काही बिघडणार नव्हते, आणि बिघडलेही नाही. प्रिन्सिपॉल सरांचेही एका चिठ्ठीने काही बिघडणार नाही. उलट, आमचे काही सर इतके मिश्कील आहेत की तेच स्टेजवरून सव्वाशेर उत्तर देतील. फर्स्ट इयरचे पोर, जे गावाहून परवाच पेटी-वळकटी घेऊन आलेय, त्याला असे उत्तर देता येत नाही.

म्हणून यंदाच्या गॅदरिंग कमिटीला माझी सूचना अशी. छाननीला दोन सर असतील तर दोन मुले, दोन मुली पण असाव्यात, आणि त्यातला निदान एक हॉस्टेलचा. जी चिठ्ठी कापली तिचे कारण मागच्या बाजूला लिहावे. माणसाच्या जन्मावर, बोलीवर, अंगावर असेल ती फाडावी. खुर्चीवर असेल ती वाचावी, मग खुर्ची कोणाचीही असो. मेसच्या डाळीवरची चिठ्ठी मी तिसऱ्यांदा लिहून ठेवली आहे. डाळ अजून तशीच असल्यामुळे मजकुरात बदल करावा लागलेला नाही.