विश्लेषण : हाडांचे डॉक्टर झाले गटनेते, गोंदियाच्या सिकलसेल रुग्णाला त्याचा उपयोग काय?

लोकसभेत शिवसेनेचे गटनेतेपद डॉ. श्रीकांत शिंदे या अस्थिशल्यचिकित्सकाकडे आहे. त्यांचा मतदारसंघ कल्याण. गोंदिया जिल्ह्याशी त्यांचा थेट संबंध नाही. तरीही सालेकसा, देवरीतील रुग्णांनी त्यांच्या पदाकडे अपेक्षेने पाहावे, अशी परिस्थिती आज आहे.

शस्त्रक्रियागृहातून संसदेत कसे?

एमबीबीएसनंतर शिंदे यांनी अस्थिरोगशास्त्रात एमएस केले. २०१४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, ते कल्याणमधून लोकसभेवर गेले. २०१९ आणि २०२४ मध्येही तेच निवडून आले. तिन्ही वेळा मताधिक्य दोन लाखांवर होते. वडील एकनाथ शिंदे यांच्या राजकीय बळाचा यात मोठा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. जून २०२४ मध्ये पक्षाच्या सात खासदारांचे ते गटनेते झाले. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर भारताची भूमिका मांडण्यासाठी संयुक्त अरब अमिराती आणि आफ्रिकेतील तीन देशांत गेलेल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते.

गटनेता नेमके काय करतो?

सभागृहात प्रत्येक पक्षाला संख्याबळानुसार बोलण्याचा वेळ मिळतो. त्या वेळेत कोण बोलणार आणि कोणत्या विषयावर, हे ठरवण्यात गटनेत्याचा शब्द महत्त्वाचा असतो. सर्वपक्षीय बैठकांत पक्षाची बाजू तोच मांडतो. सात खासदारांच्या पक्षाला मिळतात ती मोजकी मिनिटे. म्हणून ती कशावर खर्च होतात, हे पाहायला हवे. शिंदे यांची गाजलेली भाषणे आठवली, तर ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावर बोलताना म्हटलेली हनुमान चालीसा आणि डिसेंबर २०२४ मधील संविधानावरील चर्चेत सावरकरांवरून राहुल गांधींना केलेला सवाल समोर येतो. दोन्ही भाषणांत राजकारणी दिसला, डॉक्टर दिसला नाही.

गोंदियाचा संबंध काय?

पूर्व विदर्भातील सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांत गोंदिया आहे. हा आजार आनुवंशिक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला की ते हाड आतून मरते आणि ऐन तारुण्यात चालणे कठीण होते. घरातला कमावता हात मग धानाच्या बांधीत उतरू शकत नाही. असे खुबे अस्थिशल्यचिकित्सकाच्या टेबलावर येतात. त्यामुळे या दुखण्याची किंमत संसदेत नेमकी समजावून सांगू शकणारे जे थोडे खासदार असतील, त्यांत शिंदे आहेत.

सत्ता कोणाच्या हाती?

गोंदिया जिल्हा भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर या दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे. दोन्हीकडे २०२४ मध्ये काँग्रेस जिंकली. म्हणून सत्ताधाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे आणि राज्याचे आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर शिवसेनेचे आहेत. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेले बुलढाण्याचे प्रतापराव जाधवही त्याच पक्षाचे. म्हणजे गटनेता डॉक्टर आणि आरोग्याची दोन खाती, तिन्ही एकाच पक्षात. असा योग वारंवार येत नाही.

अपेक्षा काय असावी?

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. मात्र कार्ड हातात दिल्याने वेदना थांबत नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गावाजवळ नियमित मिळते का? जिल्ह्यात किती रुग्णांचे खुबे निकामी झाले? २०१६ मध्ये सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, की नागपूर गाठावे लागते? हे प्रश्न तारांकित प्रश्न म्हणून लोकसभेत विचारता येतात. आरोग्य मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवरील चर्चेत पक्षाचा वेळ त्यासाठी देता येतो. गोंदियाच्या खासदारांनी ते विचारावेतच. पण सत्तेतील डॉक्टर गटनेत्याने विचारले, तर उत्तर टाळणे मंत्र्यांना जड जाईल.

चांगला शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करून मोकळा होत नाही. रुग्ण चालू लागला का, हेही पाहतो. शिंदे यांच्या गटनेतेपदाचे मोजमाप गोंदियात याच कसोटीवर व्हायला हवे.