घरचीं यंत्रें : संगणकाची विस्मृति

गेल्या महिन्यांत आमच्या तीर्थरूपांचा जुना संगणक भंगारांत निघावयाचा होता. रोज सकाळीं त्याची तारीख कित्येक वर्षें मागें गेलेली असे. आणि बंद केला असतां पडदा काळा होई, पंखा मात्र फिरतच राही. चिरंजीवांनीं मदरबोर्डावरील बायोसच नवें घालण्याचा बेत केला. परंतु तें काम चालू असतां वीज गेली, तर बोर्ड निकामी होण्याचा संभव. आणि तीर्थरूपांनीं जमविलेली घराण्याची वंशावळ त्याच संगणकांत! म्हणून प्रथम ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

संगणकाचें घड्याळ, आणि जुन्या बोर्डांत बायोसची मांडणीहि, एका लहानशा सेलावर टिकून राहते. बहुधा तो सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. संगणकाची वायर काढून नवा सेल बसविला, तारीख लावली, ती टिकली.

पंख्याचें कारण निराळें निघालें. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. तिच्यामुळें संगणक पुरता बंद न होतां अर्धवट निद्रिस्त होतो, व जुन्या बोर्डांस तें कित्येकदां मानवत नाहीं. शिफ्टची कळ दाबून 'शट डाउन' केलें, तों पंखा थांबला. मग ती सोयच काढून टाकली.

दुखणीं दोन, उपायहि दोन. बायोसला हात लावावा लागला नाहीं. मात्रेची घाई करण्यापूर्वीं काढा देऊन पाहावा, हें यंत्रासहि लागू आहे. परवां तीर्थरूपांनीं वंशावळींत धाकट्या नातीचें नांव घातलें.