आकाशांतील अंतर व उंबरठ्यावरील वेळ

पुण्याहून नागपुरास विमानानें जाण्यास किती वेळ लागतो, या प्रश्नास हल्लीं घरोघरीं 'दीड तास' असें उत्तर मिळतें. तें खोटें नव्हे. परंतु त्यावर विसंबून जे बेत केले जातात, ते पुष्कळदां फसतात. यास्तव या खेपेस या हिशेबाचाच विचार करूं.

प्रथम अंतर पाहूं. पृथ्वी गोल असल्यामुळें तिच्या पाठीवरील दोन स्थळांमधील सर्वांत आंखूड वाट ही महावृत्ताचा खंड असते. त्या मापानें पुण्याचा लोहगांव व नागपूरचा सोनेगांव हे विमानतळ परस्परांपासून सुमारें ६०५ किलोमीटर दूर आहेत. आगगाडीस दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा पडून तेंच अंतर सुमारें ८९० किलोमीटर होतें. म्हणजे विमानानें नुसता वेग वाढतो असें नव्हे. जवळजवळ एक तृतीयांश वाटच वांचते.

आतां वेळ. ताशीं ८०० किलोमीटर वेगानें ही वाट पाऊण तासांत सरावी, असें त्रैराशिक सांगतें. मग वेळापत्रकांत सवा ते दीड तास कां? तर तो वेळ विमान जागचें हलल्यापासून पुन्हां जागीं उभें राहीपर्यंतचा असतो. धांवपट्टीकडे जाणें, वर चढणें व खालीं उतरणें यांत पूर्ण वेग नसतो. विमान शक्यतों वाऱ्यास तोंड देऊन उडतें व उतरतें. त्यासाठीं कधीं वळसा घ्यावा लागतो. लोहगांवचा तळ हवाई दलाचा, म्हणून लष्करी विमानांचीही सोय पाहावी लागते. शिवाय हिंवाळ्यांत उंचावर पश्चिमेचे वारे असतात. ते नागपुरास जातांना साह्य करितात व परततांना आडवे येतात.

रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमान लंकेहून अयोध्येकडे येतें. तेथें सामान तोलण्याचा विलंब कवीस वर्णावा लागला नाहीं. आपणांस मात्र तो धरलाच पाहिजे. घरापासून तळापर्यंत एक तास, उड्डाणापूर्वीं दोन तास, विमानांत दीड तास, सामान मिळण्यास अर्धा तास व पुढें घरीं पोंचण्यास अर्धा तास, असे एकूण साडेपांच तास होतात.

हा हिशेब केवळ सोयीचा नाहीं. नागपुरांत वडील अत्यवस्थ असतात. पुण्याचा मुलगा 'दीड तासाचा तर प्रवास' म्हणून कळवितो. आणि सारें घर दाराकडे डोळे लावून बसतें. अशा वेळीं चार तासांचा फरक रुग्णासही जड जातो व उशाशीं बसलेल्यांसही. म्हणून निघणाऱ्यानें उड्डाणाची वेळ न कळवितां दारांत पाऊल पडण्याची वेळ कळवावी. रात्रीचें शेवटचें विमान सुटून गेलें असल्यास, गाडी आतां निघून केव्हां पोंचेल आणि विमान सकाळीं निघून केव्हां पोंचेल, हे दोन्ही आंकडे कागदावर मांडावे व मगच तिकीट काढावें. गाडीस चौदा-पंधरा तास लागतात हें खरें. पण विमानाच्या खात्यांत सकाळपर्यंतची वाटही धरावयाची असते.

अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजावें. वेळ मात्र उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतच मोजावा.