शिक्का शेवटी बघा!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे भाषेला जरा सांभाळून घ्या. विषयही विचित्रच आहे : जर्मन सैन्याच्या पिस्तुलांची जुनी चामडी होल्स्टर्स. विंगमधल्या मुली मला यावरून चिडवतात. चिडवू देत!

होल्स्टरचं साल ओळखायचं म्हटलं की सगळे ते उलटं करून आधी मागचा शिक्का बघतात. माझ्या मते शिक्का शेवटी बघावा. शिक्का मारायला काय लागतं हो? एक डाय नि एक हातोडी, आपल्या वर्कशॉपमध्येसुद्धा होईल! घडण त्या सालाशी जुळवणं मात्र कठीण.

ल्युगर पी-०८ घ्या. जर्मन लष्कराने हे पिस्तूल १९०८ मध्ये स्वीकारलं. त्याचं होल्स्टर कडक चामड्याचं. पुढच्या कडेला जादा मॅगझिनचा खिसा, झाकणाच्या आत छोट्या हत्याराची जागा आणि पिस्तूल वर ओढायला एक पट्टी. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीची बहुतेक तपकिरी, नंतरची काळी. पण जुनी तपकिरीसुद्धा पुढे काळी रंगवली गेली, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

मागे कारखान्याचं नाव, गाव आणि साल असतं. साधारण १९४१ पासून नावाऐवजी बहुधा तीन अक्षरी कोड येतो, कारखाना कुठला हे शत्रूला कळू नये म्हणून. म्हणजे १९३७ साल आणि शेजारी असा कोड दिसला, तर काहीतरी गडबड आहे! दोराही बघा. पॉलिएस्टर बाजारात आलं युद्धानंतर. मूळ शिवणच त्याची असेल तर १९४२ चा शिक्का खोटा. (दुरुस्ती झालेली असेल तर गोष्ट वेगळी.)

'पण सालाचं एवढं काय?' असं मला विचारतात. अहो, १९१६ चं होल्स्टर आणि १९४३ चं होल्स्टर एक कसं? १९४३ मध्ये जर्मनीतल्या कारखान्यांत जबरदस्तीने आणलेले लाखो परदेशी मजूर आणि कैदी राबत होते. सिनेमासाठी नवीन होल्स्टर खुशाल बनवा, पण त्यावर स्वतःचं नाव नि आजचं साल घाला. त्या वर्षांचा खोटा शिक्का मारून चार पैसे जास्त कमावणं मला तरी किळसवाणं वाटतं.

आणि ज्यांच्याकडे खरं होल्स्टर आहे ते लोक चमकावं म्हणून त्याला बूट पॉलिश चोळतात! जुना रंग गेला, शिक्क्यात पॉलिश भरलं. आता वाचा साल!