सुंदर खेळाचे सोवळे

2025 च्या ऑगस्ट महिन्यात राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक झाली. सावियो मेदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी या पदावर पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक आला. संघाने एकही सामना खेळण्यापूर्वी फुटबॉलप्रेमी मंडळींत वादाला तोंड फुटले. हा वाद माणसाविषयी थोडा आणि त्याच्या खेळाच्या पद्धतीविषयी फार होता. हे गृहस्थ बचावावर भर देतात, चेंडू लांब मारायला लावतात, त्यांच्या हाती संघ देणे म्हणजे पन्नास वर्षे मागे जाणे, असा सूर गोव्यात निघाला, मुंबईत निघाला आणि कोलकात्यातही निघाला. हा सूर मला मान्य नाही. तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते गृहीतकच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे. ते म्हणतात, चेंडू स्वतःच्या पायात ठेवल्याशिवाय कोणताही संघ शिकत नाही. केवळ बचाव करणारा संघ पराभव पुढे ढकलतो, विजय मिळवत नाही. शिवाय राष्ट्रीय संघ हा देशातील कोवळ्या खेळाडूंपुढचा आदर्श असतो. तोच जर चेंडू भिरकावून देऊ लागला तर मुलांनी काय शिकावे? यातला प्रत्येक मुद्दा विचार करण्याजोगा आहे. आक्षेप आहे तो या मुद्द्यांना नीतितत्त्वाचे सोवळे नेसवण्याला. आखूड पासांचा खेळ म्हणजे पुण्य आणि लांब चेंडू म्हणजे पाप, अशी विभागणी एकदा केली की विचार थांबतो आणि आरती सुरू होते.

हे तत्त्व आपण किती प्रामाणिकपणे पाळतो ते पाहा. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहा येथे भारताने कतारला 0-0 असे रोखले. कतार त्याच वर्षीचा आशियाई विजेता. आपला कर्णधार सुनील छेत्री आजारपणामुळे मैदानाबाहेर. त्या रात्री भारतीय संघ बहुतेक वेळ स्वतःच्या गोलासमोर तटबंदी उभारून होता आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक फटके अडवले. प्रशिक्षक होते इगोर स्तिमाच. पासांच्या खेळाचे पुरस्कर्ते म्हणून ज्यांचे स्वागत झाले तेच. त्या दिवशी कोणी भ्याडपणाचा आरोप केला नाही. उलट आजही तो सामना आपण अभिमानाने आठवतो. याचा अर्थ उघड आहे. आपला राग बचावावर नसतो, पराभवावर असतो. मात्र पराभवावर रागावणे सामान्य वाटते, म्हणून आपण त्याला शैलीच्या चर्चेचा भरजरी शेला पांघरतो.

गेल्या वीस वर्षांचा हिशेब या दृष्टीने उद्बोधक आहे. बॉब हॉटन यांच्या सरधोपट, थेट खेळाला नाके मुरडली गेली. परंतु त्यांच्याच काळात 2007 व 2009 चे नेहरू चषक आणि 2008 चा एएफसी चॅलेंज चषक भारताने जिंकला आणि 27 वर्षांच्या खंडानंतर 2011 च्या आशियाई चषकात आपण पोहोचलो. मग सुंदर खेळाची हाक आली. 2012 मध्ये विम कूव्हरमन्स आले, त्यांनी पासांचा आग्रह धरला. त्या वर्षीचा नेहरू चषक मिळाला. पण पुढच्याच वर्षी चॅलेंज चषकाच्या पात्रता फेरीत आपण अडखळलो. 2015 साली परतलेल्या स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्यावरही तोच रूक्षपणाचा शिक्का बसला. त्यांच्या संघाने जुलै 2017 मध्ये जागतिक क्रमवारीत 96 वे स्थान गाठले आणि 2019 च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 असे हरवले. बहारीनविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी गेली, संघ बाहेर पडला आणि प्रशिक्षकही गेले. पुन्हा सुंदर खेळाची हाक. स्तिमाच यांनी 2023 मध्ये मायदेशी विजेतेपदे मिळवून दिली. परंतु जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात त्यांच्या संघाला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. त्यांच्यामागून आलेल्या मानोलो मार्केझ यांना आठ सामन्यांत एकच विजय लाभला.

या यादीवरून आखूड पासांचा खेळ वाईट ठरतो, असे मी म्हणत नाही. लांब चेंडू श्रेष्ठ ठरतो, असेही नव्हे. ठरते ते इतकेच की शैलीचे नाव बदलल्याने संघ बदलत नाही. आपण मात्र दर तीन-चार वर्षांनी लंबकासारखे या टोकाकडून त्या टोकाकडे जातो आणि प्रत्येक वेळी आता मार्ग सापडला असे मानतो.

वास्तविक शैली म्हणजे प्रशिक्षकाच्या मनाची हौस नव्हे. ती त्याच्या हातातील दिवसांची आणि पायांची बेरीज असते. गोलरक्षकापासून छोट्या पासांनी खेळ उभारायचा तर दोन्ही मध्यबचावपटूंनी अंतर घ्यावे लागते, बाजूच्या बचावपटूंनी पुढे सरकावे लागते, मध्यफळीतल्या एकाने खाली यावे लागते. आणि चेंडू येण्यापूर्वीच तो पुढे कोणाकडे जाणार हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. एक चूक झाली की मागे कोणी नसते आणि थेट गोल होतो. क्लबच्या प्रशिक्षकाला हे शिकवायला अख्खा हंगाम मिळतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून काही आठवडे, तेही तुकड्यातुकड्यांनी. याउलट चार-चारच्या दोन ओळी एकमेकींच्या जवळ ठेवणे, चेंडूच्या दिशेने सर्वांनी मिळून सरकणे, मधला रस्ता बंद करून प्रतिस्पर्ध्याला कडेला ढकलणे, ही विद्या थोड्या दिवसांत अंगवळणी पडू शकते. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्याने तासभर चेंडूविना धावून, क्षणभरही लक्ष ढळू न देता खेळून पाहावे. सोपे आहे ते बाकावर बसून तिला हिणवणे.

जमील यांची पद्धत अशाच टंचाईतून घडलेली आहे. मुंबई एफसी या बेताच्या ऐपतीच्या क्लबाला त्यांनी 2009 पासून सात हंगाम सांभाळले. तेथून निघाल्यावर ते ऐजॉलला गेले. तो क्लब आधीच्या हंगामात पदावनत झालेला. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. त्याच क्लबाने 2017 साली मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद पटकावले. त्या दिवशी ऐजॉलचा खेळ पुरेसा सुंदर होता का, असे मिझोराममध्ये कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

राष्ट्रीय संघासोबतची त्यांची सुरुवातही याच वाटेने झाली. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम बेमुदत लांबणीवर पडला होता. सरावाबाहेरचे खेळाडू आणि दोनेक आठवड्यांचे शिबिर, एवढ्या भांडवलावर संघ ताजिकिस्तानात गेला आणि यजमानांना 2-1 असे हरवून आला. दोन्ही गोल मध्यबचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे. पुढे क्रमवारीत पुष्कळ वर असलेल्या ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरे स्थान मिळाले. त्या आठवड्यात शैलीचे पंडित मूग गिळून बसले होते.

त्यांना कंठ फुटला तो 14 ऑक्टोबरला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. लालियनझुआला छांगते याने चौदाव्या मिनिटाला गोल करून दिलेली आघाडी टिकली नाही. पुढल्या महिन्यात ढाक्याला बांगलादेशाकडूनही 1-0 असा पराभव झाला. येथे प्रशिक्षकाला जाब विचारलाच पाहिजे. सिंगापूरचा दुसरा गोल 58 व्या मिनिटाला झाला. त्यानंतर अर्धा तास हाती असताना बरोबरीचा गोल का झाला नाही? बचावावर उभ्या असलेल्या संघाचा खरा दोष हाच की मागे पडल्यावर त्याला पुढे जाण्याची वाट ठाऊक नसते. हा नेमका प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मागण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. परंतु असा प्रश्न विचारण्याऐवजी बचावाचा खेळ मुळातच हलका, असे म्हणून मोकळे होणे ही टीका नव्हे, आळस आहे. त्याचप्रमाणे, आपला माणूस आहे, सांभाळून घ्या, असे म्हणणाऱ्यांनीही भारतीयत्वाची ढाल पुढे करू नये. पारपत्र पाहून कोणी गोल अडवीत नाही.

शैली हवी, हे मलाही मान्य आहे. ती कशी येते याचा दाखला घराजवळच आहे. आर्मांदो कुलासो यांच्या धेंपो क्लबाने 2005 ते 2012 या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि तीही डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या पासांच्या खेळाने. पण त्यामागे दहा वर्षांहून अधिक काळ तोच प्रशिक्षक, वर्षानुवर्षे एकत्र खेळलेले खेळाडू आणि गावोगावच्या मैदानांवर लहानपणापासून चेंडूशी जडलेली मैत्री होती. तो खेळ पेरला गेला, उगवला आणि मग कापणीला आला. आपण मात्र दिल्लीत नेमणुकीचे पत्र निघाले की दुसऱ्या दिवशी पीक मागतो.

2025 च्या त्या शरद ऋतूत सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, तरी देशाची सर्वोच्च लीग सुरू झालेली नव्हती. खेळाडू सामन्यांवाचून बसले होते, कित्येकांना उद्याच्या पगाराची खात्री नव्हती. आणि आपण वाद घालत होतो तो चार बचावपटू असावेत की पाच, यावर! तेव्हा यापुढे ज्याला सुंदर खेळ हवा असेल त्याने प्रशिक्षकाकडे तो जरूर मागावा. परंतु त्याआधी, तो खेळ जिथे शिकला जातो ती मैदाने, त्या स्पर्धा आणि ती वर्षे ज्यांनी हिरावून घेतली त्यांची नावे त्याच आवाजात, त्याच आवेशाने विचारावीत. तेवढे धैर्य नसेल, तर निदान बचावाच्या खेळाला तरी भ्याड म्हणू नये.