माल दाखवा, तिजोरी नव्हे

जनावरांच्या बाजारात सौदा कसा होत असे, ते आमच्या वयाच्या मंडळींनी पाहिलेले आहे. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहत, हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. बैल सर्वांसमोर उभा असे. त्याचे दात, खूर, चाल वाटेल त्याने पाहावी. भाव मात्र रुमालाखाली. या पद्धतीत शेतकऱ्याचे नुकसानही पुष्कळ झाले, म्हणून तिची तरफदारी मी करणार नाही. पण माल उघडा आणि आपला हिशेब झाकलेला, ही त्यातली साधी गोष्ट प्रत्येक व्यापाऱ्याला कळत होती.

आज हा रुमाल आपण स्वतःच्या हाताने उचलून देत आहोत, आणि तेही एक बटण दाबून. त्या बटणाचे नाव ‘शेअर स्क्रीन’. शेअर हा शब्द आपल्याला भांडवल बाजारामुळे माहीत होता. आता त्याचा अर्थ असा झाला आहे, की माझ्या संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते, ते दूर बसलेल्या माणसालाही त्याच क्षणी दिसते.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि कापडाचा धंदा जागच्या जागी थांबला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग बंद, वाहतूक बंद, पेढ्या बंद. गाठोडे घेऊन गावोगाव फिरणारा माणूस घरात बसला. त्या काळात झूम आणि गुगल मीट ही नावे आपल्या घरात आली, ती मुलांच्या शाळेमुळे. पुढे व्यापारही त्यावर होऊ लागला. २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवण्याची सोय दिली. टाळेबंदी केव्हाच संपली, पण ही रीत राहिली. पाली, बालोतरा किंवा जेतपूरचा प्रोसेसवाला आज प्रत्येक वेळी मालेगावला येत नाही. “मीटिंगवर या, डिझाइन दाखवा, भाव बोला,” असे तो सांगतो. जो दाखवू शकतो त्याचा माल आधी पाहिला जातो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २०२१ साली दक्षिणेकडच्या एका मोठ्या खरेदीदाराबरोबर बैठक ठरली. माल होता कॅम्ब्रिकचे ग्रे कापड, ६० बाय ६०, रीड-पीक ९२-८८. सौदा १२ हजार मीटरचा. मी मीटरला ३४ रुपये २५ पैसे भाव सांगितला होता आणि तो जवळजवळ मान्य झाला होता. मालाचा तक्ता दाखवण्यासाठी मी पडदा शेअर केला. पाच मिनिटे सर्व ठीक चालले. इतक्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन सरकून वर आला. ज्या कारखानदाराकडून मी तो माल घेतला होता, त्याचा निरोप : “सेठ, तुमच्या थानांचे ३१ रुपये ५० पैशांनी बिल केले आहे.”

तो चौकोन चार-पाच सेकंद राहिला आणि गेला. समोर कुणी काही बोलले नाही. मीही तक्ता पुढे सरकवला. शेवटी खरेदीदार हसून म्हणाला, “सेठ, अब बत्तीस पचास में कर दो.” मी काय बोलणार? मीटरमागे पावणेदोन रुपये, म्हणजे २१ हजार रुपये त्या एका चौकोनाने नेले. त्या नफ्यातून माझे गोदामभाडे, हमाली, दलाली आणि तीन महिन्यांची उधारी निघायची होती. खरेदीदाराला मी दोष देत नाही. उघडी वही समोर ठेवली तर कोण वाचणार नाही?

त्या रात्री पुतण्याला विचारले, हे झाले कसे? तो म्हणाला, “चाचा, तुम्ही पूर्ण पडदा दिलात. फक्त तक्ता द्यायचा होता.” तोवर मला हा फरकच माहीत नव्हता. आपल्यापैकी अनेकांना आजही नाही, म्हणून तो येथे लिहितो.

संगणकावर शेअरचे बटण दाबले, की आपल्याला विचारले जाते : संपूर्ण पडदा द्यायचा, एखादी खिडकी द्यायची, की ब्राउझरमधला एकच टॅब द्यायचा? संपूर्ण पडदा म्हणजे दुकानाच्या किल्ल्या देणे. त्यात येणारे निरोप, उघड्या फायली, बँकेचे पान, सर्व काही जाते. खिडकी म्हणजे एकच थान गादीवर उलगडणे. तुम्ही मागे दुसरे काहीही उघडा, समोरच्याला तेवढेच थान दिसते. घाईत आपण पहिले दिसेल ते दाबतो. तेथे दोन सेकंद थांबून ‘विंडो’ किंवा ‘टॅब’ निवडावे. एवढ्याने निम्मे संकट टळते.

मोबाईलवर गोष्ट वेगळी आहे. काही नव्या अँड्रॉइड फोनवर एकच अ‍ॅप दाखवण्याची सोय आली आहे, पण बहुतेक ठिकाणी मोबाईलवरून संपूर्ण पडदाच जातो. म्हणून बैठकीपूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करावे, म्हणजे निरोप वर येत नाहीत. शक्य असेल तर बैठकीसाठी वेगळा फोन ठेवावा. घरात जुना फोन पडलेला असतोच. त्यात फक्त मालाचे फोटो आणि भावपत्रक ठेवावे. बँक नाही, नातेवाइकांचा ग्रुप नाही.

दुसरा धोका एक्सेलच्या तक्त्याचा. आपण एकाच तक्त्यात खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि नफा असे रकाने करतो आणि दाखवताना खरेदीचा रकाना लपवतो. लपवलेला रकाना पुसलेला नसतो. बैठकीनंतर “ती फाइल पाठवा” असे समोरचा म्हणाला आणि आपण ती तशीच पाठवली, तर तो दोन क्लिकमध्ये रकाना उघडतो. गिऱ्हाइकासाठी तक्ता वेगळाच करावा, त्याची पीडीएफ करावी आणि तीच दाखवावी, तीच पाठवावी. आपल्या बुजुर्गांची कच्ची वही आणि पक्की वही वेगळी असे. कच्ची वही गादीखाली राही. तीच शिस्त संगणकावर पाळायची आहे.

येथे कुणी म्हणेल, एवढी झाकपाक म्हणजे लबाडी नव्हे का? मुळीच नव्हे. आपली खरेदी किती, हा आपला हिशेब आहे. मालाचा ऐब मात्र आपला खाजगी मामला नाही. मला खरी काळजी वाटते ती येथे. आपले काही तरुण मित्र फोटो उजळ करतात, रंग गडद करतात, थानातला चांगला तुकडा तेवढा दाखवतात. पडद्यावर सौदा होतो, माल पोहोचतो आणि आठ दिवसांनी परत येतो. परतीचे भाडे आपल्या अंगावर, आणि एतबार गेला तो वेगळाच. जे झाकायचे ते उघडे आणि जे उघडे ठेवायचे ते झाकलेले, असा उलटा कारभार सध्या चालला आहे.

खरे पाहिले तर पडद्यावर कापड दिसते ते कापड नसतेच. पडदा रंग बनवतो तो लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून. कापड रंगते ते रंगद्रव्याने. माझ्या पडद्यावरचा मोरपंखी समोरच्याच्या पडद्यावर निळा दिसू शकतो, कारण प्रत्येक पडद्याचा उजेड आणि मांडणी वेगळी. पोत, वजन आणि हात तर पडद्यावरून कळतच नाहीत. म्हणून माझा नियम असा आहे, की बैठकीच्या चार दिवस आधी कुरिअरने नमुन्याचे तुकडे पाठवायचे, प्रत्येकावर क्रमांक चिकटवायचा आणि पडद्यावर तोच क्रमांक दाखवायचा. “आता सात नंबरचा तुकडा हातात घ्या,” असे म्हटले की समोरच्याचा हात कापडावर आणि डोळा आपल्या तक्त्यावर. रंगाबाबत वाद नको असेल तर पॅन्टोनच्या शेड कार्डाचा क्रमांक बोलावा. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढावा. शेजारी फूटपट्टी ठेवावी आणि एक फोटो पिक ग्लासखालचा असावा, म्हणजे ताणा-बाणा मोजता येतो. पन्हा, काउंट, वजन हे फोटोखालीच लिहावे. एका पानावर एकच डिझाइन. समोरचा माणूस बहुधा मोबाईलवर पाहत असतो. आपल्या संगणकावर मोठी दिसणारी अक्षरे त्याला मुंगीएवढी दिसतात. म्हणून तक्ता दीडपट-दुप्पट मोठा करूनच दाखवावा आणि पहिल्याच मिनिटाला विचारावे, “दिसते का?”

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे ही बैठक कोण घेतो? बहुतेक पेढ्यांवर मुलगा किंवा पुतण्या. मालक बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि मधूनमधून कानात सांगतो. मुलाला बटणे येतात, पण थान हातात घेतल्याबरोबर सूत कच्चे की पक्के, ते त्याला अजून कळत नाही. खरेदीदार विचारतो, “धुतल्यावर पन्हा किती येईल?” मुलगा बापाकडे पाहतो. बाप बोलू पाहतो, तर माइक बंद. या गडबडीत सौदा थंड पडतो.

बाप मागे का बसतो? इंग्रजीच्या धास्तीने. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. माझे सर्व वाचन उजवीकडून डावीकडे झाले. संगणकासमोर बसलो की पहिले वर्ष माझा हात उलट्या बाजूला जात असे. पण शेअरसाठी शिकायची बटणे किती आहेत? माइक, कॅमेरा, शेअर आणि शेअर बंद. चार. गुगल खात्याची भाषा मराठी किंवा उर्दू करता येते, म्हणजे गुगलची बटणे आपल्या भाषेत दिसतात. बोलण्याचे मुद्दे मी आजही कागदावर उर्दूत लिहून शेजारी ठेवतो. तो कागद पडद्यावर कुणाला दिसत नाही. ज्या माणसाने पॉवरलूमचा तुटलेला धागा अंधारात हाताने जोडला आहे, त्याला चार बटणे जड नाहीत. मुलाला जरूर शेजारी बसवा. पण माउस त्याच्या हातात असावा ज्याला माल कळतो. आणि मुलाला द्यायचाच असेल, तर आधी सहा महिने त्याला गोदामात थाने मोजायला बसवा.

एक दिवस आधी घरातल्या घरात तालीम करावी. एका फोनवर आपण, दुसऱ्यावर घरचे कुणी. आपला पडदा दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, ते एकदा डोळ्यांनी पाहावे. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद होते, हे ध्यानात ठेवून भावाची गोष्ट पहिल्या अर्ध्या तासातच काढावी. आणि दाखवणे संपताच शेअर बंद करावे. भाव बोलताना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. गिऱ्हाइकाच्या कपाळावरची आठी तक्त्यात दिसत नाही.

शेवटी एक इशारा, आणि हा व्यापारापुरता नाही. आपण ठरवलेल्या बैठकीत आपण पडदा दाखवणे वेगळे आणि अनोळखी माणसाने फोन करून “पडदा शेअर करा” म्हणणे वेगळे. बँकेतून, टॅक्स खात्यातून, पोलिसांतून किंवा कुरिअरमधून बोलतो असे सांगून ही माणसे आपल्याला पडदा दाखवायला लावतात. मग बँकेतून येणारा ओटीपी आपल्याबरोबर तेही वाचतात. दूरवरून फोन हाताळू देणाऱ्या अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार तर पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगावा लागला. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. असा फोन आला तर तो बंद करावा. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता, एक तासही न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आपले लोक बदनामीच्या भीतीने गप्प बसतात आणि चोराला पैसे फिरवायला वेळ मिळतो.

त्या दाक्षिणात्य खरेदीदाराशी माझा व्यवहार आजही चालू आहे. गेल्या हंगामात त्यानेच विचारले, “सेठ, आजकल स्क्रीन पर कुछ आता नहीं?” मी म्हटले, आता तुम्हाला दाखवायचे तेवढेच येते. त्याने सात नंबरचा तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि त्यातली एक सुटलेली बाण्याची तार मला दाखवली. ती तार मी तक्त्यात आधीच लिहिलेली होती.