नाव नाही बदलत, जा!



प्रतापनगरात जा की इंदोऱ्यात, दहावी-बारावीचे चार पोट्टे कुठंतरी एकत्र येतातच. एकाजवळ सेकंडहॅण्ड गिटार, एकाजवळ लग्नात वाजवणाऱ्या काकाचा ढोल, उरलेल्या दोघांजवळ नुसता गळा. गच्चीवर बोंबाबोंब सुरू होते. आठव्या दिवशी घरमालक जिना चढून येतो. सहा महिन्यांत बॅंड खलास. एक पुण्याला जातो, एक डिलिव्हरीच्या गाडीवर बसतो. मग आपलेच शहाणे मान हलवतात, "पाह्यलं? म्हटलं नव्हतं? थेरं होती सारी!"

मी म्हणतो, थांबा. किती दिवस टिकला, एवढ्यावर हिशेब करू नका. आधी एक गोष्ट ऐका.

अमेरिकेतलं डेट्रॉइट, मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथले तीन सख्खे भाऊ : डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. काळे. १९७१ साली घरातच वाजवायला लागले. पुढे बाप अपघातात गेला. त्यानंतर डेव्हिडनं बॅंडला नाव दिलं, 'डेथ'. मृत्यू. ज्याच्या भीतीनं माणूस गप्प बसतो, तेच त्यानं पाटीवर लिहिलं.

डेट्रॉइट म्हणजे मोटाउनच्या गोड गाण्यांचं माहेर. काळ्या वस्तीला प्रश्न पडला, आपलं सोडून ही पोरं गोऱ्यांचं रॉक कशाला वाजवतात? गोऱ्यांच्या धंद्याला काळे रॉकवाले कुठं खपवायचे ते कळेना. १९७५ मध्ये त्यांनी स्टुडिओत सात गाणी रेकॉर्ड केली. हॅकनी कुटुंब सांगतं, की पैसा लावणाऱ्या बड्या साहेबानं अट घातली : नाव बदला. डेव्हिड म्हणाला, नाही. पैसा गेला. १९७६ मध्ये भावांनी स्वतःच पाचशे तबकड्या काढल्या. रेडिओनं दाद दिली नाही. १९७७ मध्ये बॅंड संपला.

लंडनच्या सेक्स पिस्टल्सची पहिली तबकडी आली नोव्हेंबर १९७६ मध्ये. पंक म्हणून जगानं जे डोक्यावर घेतलं, ते या काळ्या पोरांनी त्याआधीच टेपवर ठेवलं होतं. टेप पडून राहिल्या पोटमाळ्यावर. डेव्हिड २००० मध्ये मेला. २००९ मध्ये ती सात गाणी बाजारात आली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. चौतीस वर्षं! काम आपलं, नाव दुसऱ्याचं. ओळखीची वाटते ना गोष्ट?

'नाव बदला' ही अट आपल्याला काय नवी आहे? खोली भाड्यानं घ्यायला गेलं की आडनाव विचारतात. आणि आपण नाव मागितलं तेव्हा काय झालं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात वस्त्या जळल्या, पोचिराम कांबळेंना मारून टाकलं. नागपुरात इंदोऱ्यानं पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'विस्तार' म्हणून. पोरांच्या बॅंडची आणि शहिदांची बरोबरी मी करत नाही. पण नावासाठी अडून बसणं म्हणजे काय, हे ज्यांना रक्तानं कळलं, त्यांनी तरी पोरांना 'नाव जरा सौम्य ठेवा, कार्यक्रम मिळेल' असं सांगू नये.

आता टिकण्याचं. दलित पॅंथर १९७२ मध्ये उभी राहिली. १९७७ मध्ये राजा ढाले आणि ज. वि. पवारांनी ती बरखास्त केल्याचं जाहीर केलं. पाच वर्षं! फुकट गेली का? आपली कितीतरी अनियतकालिकं दोन-चार अंकांत बंद पडली. म्हणून त्यांनी मराठीची झोप मोडली नाही का? पंक दुसरं काय सांगतं? गुरू नको, घराणं नको, बारा वर्षांचा रियाज नको. तीन कॉर्ड आल्या की उभा राहा. सायक्लोस्टाइलवर अंक काढणाऱ्यांनी वेगळं काय केलं होतं?

कोणी म्हणेल, हे परदेशी आहे, आपला जलसा बरा. अरे, जलशातली पेटी कुठली? जन्म तिचा फ्रान्सचा! भीमराव कर्डकांच्या पिढीनं तमाशाचा साचा उचलला, गवळण बाहेर काढली, बाबासाहेबांचा विचार आत घातला. 'पॅंथर' हे नाव तरी कुठून आलं? हत्यार कोणाचं यापेक्षा ते कोणावर रोखलं, हे पाहायचं असतं.

पोट्टेहो, तुम्हालाही सोडत नाही. नुसत्या बोंबेला मी विद्रोह म्हणणार नाही. केस रंगवून जात जात नाही. कशावर चिडलात ते शब्दांत आलं पाहिजे. वाचा, मग ओरडा. आणि ओरडलात ते जपून ठेवा. त्या सात गाण्यांच्या टेप फेकल्या असत्या, तर आज डेथचं नावही उरलं नसतं. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. रेकॉर्ड करा. तारीख टाका, सगळ्यांची नावं लिहा, ढोलवाल्याचंही.

आणि मोठ्यांनो, तुमच्यासाठी एकच मागणी. वस्तीवस्तीत विहारं आहेत. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथले भोंगे मोहल्ला दणाणून सोडतात. एरवी सायंकाळी वंदना झाली की कुलूप. ती किल्ली आठवड्यातून दोन दिवस, दोन तास पोरांच्या हाती द्या. घरमालकाच्या गच्चीवर आपलं गाणं कधीच मोठं होणार नाही. दीक्षाभूमीच्या शहरात पोरांना ओरडायला हक्काची चार भिंतींची जागा नसावी?

बॅंड सहा महिन्यांत मरेल. मरू द्या. पण आपल्या नावानं मरू द्या.

जय भीम!